टाकायचा कुठे?

दार आत ओढलं आणि समोर आणखी एक दार उभं होतं. पांढरं, बर्फाचं. लाकडी दाराच्या पट्ट्या, मधली नक्षी, मुठीच्या जागी खोलगट खड्डा, सगळं उलटं उमटलेलं, मोदकाचा साचा असतो तसं. मुलीनं त्या भिंतीत बोट खुपसलं. पेरभर आत गेलं आणि थांबलं. "बाबा, आपण आत पॅक झालो," ती म्हणाली. आवाजात भीती कमी आणि शाळा बुडणार याचा आनंद जास्त.

२०२३ चा फेब्रुवारी संपत आला होता. कॅलिफोर्नियाच्या पूर्व अंगाला, सिएरा नेवाडाच्या पाठीवर मॅमथ लेक्स नावाचं गाव आहे, साधारण ७,९०० फुटांवर. गावाच्या डोक्यावर मॅमथ माउंटन, ११,०५३ फूट, आणि त्याच्या अंगाखांद्यावर स्की रिसॉर्ट. लॉस एंजेलिसहून ३९५ नंबरच्या महामार्गानं पाचेक तास. मुलांच्या शाळेला आठवड्याची सुट्टी होती म्हणून आम्ही आणि मित्राचं कुटुंब, अशा दोन घरांनी मिळून चार दिवसांसाठी एक लाकडी घर भाड्यानं घेतलं होतं. चाराचे आठ दिवस झाले. खाली महामार्ग बंद, वर डोंगर बंद, आणि मध्ये आम्ही, पाच किलो तांदूळ आणि मेतकुटाची एक बरणी.

खरं तर मला या सगळ्याचं अप्रूप वाटायचं कारण नव्हतं. मी आंबोलीचा. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस अंगावर घेणाऱ्या गावात वाढलेल्या माणसाला आभाळ फाटणं म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. कारणही तेच. तिकडे अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीला धडकून वर चढते, इकडे पॅसिफिकवरून आलेली सिएराला. त्या हिवाळ्यात ओल्या हवेचे लांबच लांब पट्टे एकामागून एक येऊन आदळत होते. इथले हवामानवाले त्यांना वातावरणातल्या नद्या म्हणतात. तेव्हा पहिल्या दिवशी मी खिडकीत चहा घेऊन, जाणत्या माणसाच्या थाटात, "हे काय, आमच्याकडे जुलैत यायला हवं," वगैरे बोलून घेतलं.

फरक दुसऱ्या दिवशी लक्षात आला. पाऊस पडतो आणि जातो. बर्फ पडतो आणि राहतो. पावसानं नुकसान केलं तरी पाऊस स्वतः तिथे थांबत नाही, ओहोळ-व्हाळ धरून चालता होतो. हा मात्र जिथे पडला तिथेच बसून राहतो आणि वर दुसरा येऊन बसतो.

तर दार. बाहेर पडायचं तर बर्फ काढायचा, आणि काढलेला बर्फ टाकायला बाहेर जागाच नाही, कारण बाहेर जायलाच तो काढायचा आहे. मित्र आयटीतला. तो या गुंत्याकडे थोडा वेळ कौतुकानं बघत बसला. मग त्याच्या बायकोनं स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं आणलं, आणि पहिली दहा-बारा पातेली बर्फ आम्ही न्हाणीघरातल्या टबात नेऊन ओतला. अशा तऱ्हेनं एक माणूस उभा राहील एवढं बीळ झालं. त्यातून मी वर सरकलो आणि जवळजवळ छपराच्या वळचणीपाशी डोकं बाहेर काढलं.

बाहेर काही नव्हतं. म्हणजे गाड्या, कुंपण, कचऱ्याचा डबा, रस्ता, यातलं काही नव्हतं. थोड्या थोड्या अंतरावर नारिंगी टोकाच्या काठ्या तेवढ्या बर्फातून वर आलेल्या. मागे एकदा ऑक्टोबरमध्ये आम्ही इथे आलो होतो तेव्हा उन्हात, कोरड्या रस्त्याच्या कडेला माणसं अशा उंचच उंच काठ्या रोवताना पाहिली होती आणि हे कसलं सर्वेक्षण चाललंय असं वाटलं होतं. ते हे. नांगर लावलेला ट्रक येतो तेव्हा चालकाला रस्ता कुठे संपतो ते कळावं म्हणून. आगीच्या बंबाचा नळ कुठे गाडला गेलाय त्याचीही खूण अशीच.

गॅरेजमध्ये दोन फावडी सापडली, एक पत्र्याचं, एक निळं प्लास्टिकचं. गाडीच्या जागेपासून रस्त्यापर्यंत सहा मीटर रुंद आणि दहा मीटर लांब उतार होता. त्यावर मीटरभर बर्फ धरला तर साठ घनमीटर. नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ घनमीटरला पन्नास ते शंभर किलो भरतो, पण सिएराचा बर्फ समुद्राजवळचा, ओला. त्याला इथे सिएरा सिमेंटच म्हणतात. दीडशे किलो धरले तरी नऊ टन. हा हिशेब मी फावडं हातात घेण्याआधी केला असता तर बरं झालं असतं. मी तो त्या रात्री, कंबरेला गरम पाण्याची पिशवी लावून पडल्यावर केला.

आम्ही कामाला लागलो आणि शहाणी माणसं करतात तेच केलं. उचललं आणि शेजारी टाकलं. डावीकडचं डावीकडे, उजवीकडचं उजवीकडे. दुपारपर्यंत दोन्ही बाजूंना खांद्याएवढ्या भिंती उभ्या राहिल्या आणि आम्ही त्यांचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. रात्रीत आणखी दोन फूट पडला. सकाळी फावडं भरलं, उचललं, डोक्यावरून भिंतीपलीकडे भिरकावलं, आणि त्यातला निम्मा घरंगळत परत माझ्या बुटांवर आला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, तेच. कालचा बर्फ हलवल्याशिवाय आजचा टाकायला जागा नव्हती. म्हणजे तोच बर्फ दोनदा उचलायचा.

समोरच्या घरातले आजोबा आपल्या स्नो ब्लोअरपाशी, म्हणजे बर्फ लांब फेकणाऱ्या यंत्रापाशी, उभे राहून हे बघत होते. सत्तरी ओलांडलेली, गॅलिसवाली विजार, पांढरी दाढी. मशीन बंद करून सावकाश चालत आले. तीस वर्षं त्यांनी या डोंगरावर रात्रपाळीला स्नोकॅट, म्हणजे बर्फ सपाट करत फिरणारी अवजड गाडी, चालवली होती, हे नंतर कळलं. आले आणि म्हणाले, "पहिला बर्फ सगळ्यांत लांब टाकायचा. शेवटचा जवळ. तुम्ही उलटं केलंत."

मी फावड्यावर रेलून उभा राहिलो. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, बांधकाम खात्यात मैलकुली होते. हा शब्द आता फारसा कुणाला माहीत नसतो. घाटरस्त्याचा ठरावीक तुकडा एका माणसाच्या अंगावर टाकलेला असायचा. खड्डा पडला, झाड आडवं आलं, दगड सुटला, की तो बघायचा. मे महिन्यात मोऱ्यांची तोंडं साफ करायची, कडेचा चर उकरून ठेवायचा, आणि जून ते सप्टेंबर डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन आपल्या हद्दीत फिरत राहायचं. आंबोली घाटात दरड आली की सगळी माणसं वर बघतात, कुठून सुटली ते. अण्णा खाली बघायचे.

एकदा मोठी दरड आली होती. मी नववीत असेन. दोन्ही बाजूंना एसट्या अडकलेल्या, लोक खाली उतरून विड्या ओढतायत, एक जेसीबी आलेलं. त्याच्या पोरगेल्या चालकानं बकेट भरली आणि सरळ दरीकडे वळवली. अण्णा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. "माती काढूक काय, कोणाकय येता," ते म्हणाले, "टाकतलंस खंय, ता आधी सांग." पोरगा वैतागला. लोक त्याच्या बाजूनं, लवकर रस्ता मोकळा कर म्हणणारे. पण अण्णांचं म्हणणं साधं होतं. घाटाचा रस्ता दोरीसारखा स्वतःच्याच अंगावर वळसे घेत उतरतो. वरच्या वळणावरून ढकललेली माती दरीत जात नाही, खालच्या वळणावर येते. तिथे मोरी बुजवते. मोरी बुजली की पाणी रस्त्यावर, आणि चार दिवसांनी तो रस्ताच जातो. शेवटी दीड किलोमीटर मागे एक रुंद जागा होती तिथे डंपरनं माती नेली. दोन तास जास्त लागले. कुणी अण्णांचे आभार वगैरे मानले नाहीत. एका बाईनं तर चांगली शिवी हासडली.

आजोबांना मी हे सांगितलं नाही. एवढा मोठा घाट इंग्रजीत उतरवायचा तर थंडीनं दात वाजत होते. पण त्यांनी माझ्या भिंतीकडे बोट दाखवून पुढचं विचारलं, "या ढिगाखाली काय आहे माहीत आहे?" माहीत नव्हतं. गॅसची टाकी होती. इथली बरीच घरं प्रोपेनवर चालतात आणि टाकी अंगणात असते. बर्फाच्या वजनानं तिची नळी वाकली किंवा सांधा सुटला तर गॅस बर्फाखालून सरपटत घराच्या पायथ्याशी साठतो, आणि वास यायच्या आत कुणीतरी शेगडी लावतं. त्या हिवाळ्यात या भागात असे स्फोट झालेही. त्यांनी आम्हाला सगळं सोडून आधी ती टाकी मोकळी करायला लावली, मग हीटरची हवा बाहेर टाकणारी नळी, आणि मग, "आता कुठे टाकायचा ते ठरवू," असं म्हणून घराच्या उत्तरेला, झाडांमागे, एक कोपरा दाखवला. त्यांचा ब्लोअर तिथवर फेकू शकत होता. आम्ही ढकलत आणायचं, ते फेकणार. तासाभरात त्या कोपऱ्यात टेकडी झाली. निळं फावडं मी तिच्या पोटाशी उभं रोवून आत जेवायला गेलो. आलो तोवर त्यांनी आणखी बराच बर्फ तिथे फेकला होता. फावडं कुठेच दिसेना.

(घरमालकानं नंतर त्या फावड्याचे ३८ डॉलर अनामत रकमेतून कापून घेतले. तक्रार नाही. पण ३८?)

उतार मोकळा झाला म्हणून आम्ही टाळ्या पिटतोय तोवर रस्त्यावरून नांगराचा ट्रक गेला आणि उताराच्या तोंडाशी कमरेएवढा बांध घालून गेला. याला इथे बर्म म्हणतात. रस्ता साफ करायचा तर बर्फ कडेला जाणार, आणि कडेला लोकांची घरं आहेत, त्याला ट्रकवाला काय करणार. पण हा बर्फ वेगळाच निघाला. फावडं मारलं तर खण्ण आवाज. आजोबा म्हणाले की बर्फ एकदा ढवळला की त्याचे कण एकमेकांना नव्यानं चिकटतात आणि तासा-दोन तासांत तो विटेसारखा होतो, पडला होता त्यापेक्षा कितीतरी घट्ट. डोंगरावर रात्री स्नोकॅट फिरवतात ती याचसाठी. मागचा दात्यांचा रूळ बर्फ कुटून पसरतो आणि मग सकाळपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. विरजण लावल्यासारखं. मलमलीसारखी दिसणारी ती पट्टी, जिच्यावरून सकाळी नऊला लोक घसरत जातात, ती रात्रभर अंधारात लावलेलं विरजण असते.

चौथ्या दिवशी पहाटे धडाम असा आवाज झाला. मग आणखी एक. खिडकीची काच थरथरली. मुलगी उठून बसली आणि अर्धवट झोपेत म्हणाली, "दिवाळी?" मी म्हटलं सुरुंग. वर स्की पॅट्रोलवाले, म्हणजे डोंगरावरचं सुरक्षापथक, सुरुंग लावत होते. नवा बर्फ जुन्या थरावर सैल बसलेला असतो, माणसाच्या वजनानं तो कधी सुटेल सांगता येत नाही, म्हणून माणसं यायच्या आधी तो आपणच पाडायचा. दरड पडायची वाट न बघता, रस्ता रिकामा असताना तीच पाडून घ्यायची. अण्णांना हे फार आवडलं असतं. घाटात त्यांच्याकडे फक्त पहार होती.

त्या दिवशी गावातली बस सुरू झाली आणि आम्ही वर, साधारण नऊ हजार फुटांवर, मेन लॉज या रिसॉर्टच्या मुख्य इमारतीपाशी गेलो. डोंगर उघडला नव्हता, उघडत होता. मी आयुष्यात स्की पायाला लावलेली नाही, लावणारही नाही, पण त्या दिवशी जे बघितलं ते बघायला मी पुन्हा पाच तास गाडी चालवीन.

चेअरलिफ्ट ही साधी गोष्ट आहे. खांबांवरून एक जाड तार फिरते, तिला पाळणे टांगलेले, माणसं बसतात आणि वर जातात. पाळणा जमिनीपासून किती उंच असावा ते खांब उभारतानाच ठरलेलं. आता तार आपल्या जागी आहे, खांब आपल्या जागी आहेत, पण जमीनच वर आली. पाळणे बर्फात रुतलेले. काही ठिकाणी नुसती तार दिसत होती, धुण्याच्या दोरीसारखी हाताला लागेल एवढ्यावर. म्हणजे लिफ्ट चालू करायची तर तिच्या पूर्ण वाटेखाली चर खणायचा, माणसाचे लोंबकळते पाय आणि पायातल्या स्की कुठे टेकणार नाहीत एवढा खोल. तो स्नोकॅट खणतात. चढ फार असला तर कॅट वरच्या बाजूला तारेनं बांधून, विंचवर, म्हणजे तार गुंडाळणाऱ्या रहाटावर, तोलून. पण खांबाच्या बुंध्याशी, चढायच्या जागेशी, केबिनच्या दाराशी यंत्र नेता येत नाही. धक्का लागला तर काम वाढतं. तिथे फावडं. वर टोकाला वेगळीच पंचाईत. तिथे वाऱ्यानं धुक्याचे थेंब लोखंडावर गोठतात आणि वारा जिकडून येतो तिकडेच तोंड करून पिसांसारखे वाढत जातात. कप्प्या त्यात गच्च. मग माणूस हातोडा घेऊन खांबावर चढतो आणि ठोकत बसतो.

मी खालच्या चढायच्या जागेपाशी उभा होतो. तिथे पाचसहा पोरं खणत होती. त्यातली एक बुटकी मुलगी निघाली पेरूची, लिमाची. दक्षिणेकडच्या उन्हाळी सुट्टीत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, तिकडचे कॉलेजातले विद्यार्थी अशा कामांना येतात. लिमा वाळवंटात आहे, तिथे धड पाऊससुद्धा पडत नाही. पहिला बर्फ तिनं डिसेंबरमध्ये पाहिला आणि फेब्रुवारीत ती बाकीच्यांना खणायला शिकवत होती. तिची पद्धत मी बराच वेळ बघत राहिलो. ती फावडं खुपसून उचलत नव्हती. आधी पात्यानं वरून उभी रेघ, मग दुसरी, मग आडवी, आणि शेवटी खालून अलगद सरकवायचं. अख्खा ठोकळा सुटून पात्यावर येऊन बसायचा. उचलायचा नाही, कंबर वळवून सोडायचा. अरे, हे तर चिरे! आमच्याकडे जांभ्याच्या खाणीत मशीन यायच्या आधी माणसं असेच चिरे पाडायची, रेघ, रेघ, आडवी रेघ, आणि पहारीनं सुटा. सुटलेला ठोकळा चौरस, कडा धारदार, आतून निळसर. तिनं एकही ठोकळा जवळ टाकला नाही. सगळे उताराच्या खालच्या अंगाला, कॅट येऊन घेऊन जाईल अशा जागी.

दुपारी एकच्या सुमाराला पहिली लिफ्ट रिकामी फिरली. पाळणे एकेक करून चरातून सरकत गेले. पाचवा की सहावा कडेला घासला, बर्फाचा फवारा उडाला, घंटी झाली, लिफ्ट थांबली. पोरं पुन्हा चरात उतरली. रांगेतून कुणीतरी लांबलचक शिट्टी मारली, नाराजीची. आंबोलीतली ती बाई आठवली.

डोंगराच्या या कामाला किती धोका असतो ते आजोबांनी परतीच्या दिवशी सांगितलं. मॅमथ हा ज्वालामुखी आहे, आणि काही जागी अजून त्याच्या पोटातून गरम वायू बाहेर पडतो. अशा एका भोकाभोवती कुंपण असतं. बर्फ चढला की कुंपण बुडतं आणि ते वर काढावं लागतं. ६ एप्रिल २००६ ला, मोठ्या बर्फवृष्टीनंतर, स्की पॅट्रोलचे लोक तेच करत होते. आतल्या उष्णतेनं खालून बर्फ वितळून पोकळी झालेली, वर नुसतं छत उरलेलं. ते कोसळलं. दोघं आत पडले, तिसरा त्यांना काढायला उतरला. तिघंही गेले. खाली कार्बन डायऑक्साइड साठलेला होता. हे सांगताना आजोबा माझ्याकडे बघत नव्हते, ब्लोअरच्या नळीत अडकलेली फांदी काढत होते.

हे रिसॉर्ट ज्यानं उभं केलं त्या डेव्ह मकॉयची गोष्ट मात्र मला फार आवडते, कारण तो मुळात बर्फ मोजणारा होता. १९३० च्या दशकात तो लॉस एंजेलिसच्या पाणी-वीज खात्यात जलमापनाच्या नोकरीवर होता. स्की लावून डोंगर हिंडायचं आणि कुठे किती बर्फ आहे ते मोजायचं, कारण उन्हाळ्यात शहराला किती पाणी मिळणार ते त्यावर ठरायचं. १९३८ मध्ये मोटरसायकल गहाण ठेवून त्यानं ८५ डॉलर कर्ज काढलं आणि माणसांना दोरानं वर ओढणारं यंत्र जोडलं. १९५३ मध्ये मॅमथचा परवाना, १९५५ मध्ये पहिली चेअरलिफ्ट. २०२० मध्ये गेला, १०४ वर्षांचा होऊन. बर्फ मोजायची रीत त्याच्याही आधीची, आणि ती शोधणारा जेम्स चर्च हा नेवाडा विद्यापीठात लॅटिन शिकवणारा प्राध्यापक. पोकळ नळी बर्फात तळापर्यंत खुपसायची, भरलेली नळी बाहेर काढून तोलायची. उंची कितीही असो, वजन खोटं बोलत नाही. वजनावरून पाणी कळतं.

परतीच्या आदल्या रात्री, म्हणजे तिकडच्या सकाळी, अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. गुडघ्यांमुळे ते आता घाटात जात नाहीत. पडवीत खुर्चीवर बसलेले. मी फोन घेऊन बाहेर गेलो आणि दिव्याच्या उजेडात दोन्ही बाजूंच्या भिंती दाखवल्या, मग उत्तरेकडची टेकडी. त्यांनी चष्मा लावला.

"इतको? आणि टाकतत खंय?"

मी टेकडी पुन्हा दाखवली. रस्त्यावरचा ट्रकमध्ये भरून गावाबाहेर मोकळ्या जागेत नेतात तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली, ठीक आहे अशी. मग थोड्या वेळानं, "ह्या सगळ्याचा पाणी मगे जाता खंय?"

हे मला माहीत होतं, कारण मी त्याच पाण्यावर राहतो. गावाच्या मधून मॅमथ क्रीक वाहते, ती पुढे हॉट क्रीक होते, ती ओवेन्स नदीला मिळते, ती क्रॉली तलावात. तिथून लॉस एंजेलिसचा कालवा. १९१३ मध्ये विल्यम मुलहॉलंडनं बांधला, २३३ मैल, वाटेत एकही पंप नाही, नुसत्या उतारावर पाणी शहरात येतं. त्या पाण्याची कथा काही फार सभ्य नाही. शहरानं ओवेन्स खोऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्यासाठी विकत घेतल्या आणि खालचं ओवेन्स तळं कोरडं पडलं. शहापूरकडच्या माणसाला मुंबईबद्दल जे वाटतं ते इथल्यांना आमच्या शहराबद्दल वाटतं. अण्णांना मी कालव्याचं तेवढं सांगितलं.

"म्हणजे तूच पितंस ता," ते म्हणाले. आणि मग, "मोरी साफ केल्यानी मा?"

मी हसलो. म्हटलं, अण्णा, हा अमेरिकेतल्या दुसऱ्या नंबरच्या शहराचा कालवा आहे.

१० मार्चला वादळाच्या पुराचं पाणी ओवेन्स खोऱ्यात उतरलं, कालव्याच्या बुडाखालची माती वाहून गेली आणि सुमारे १२० फुटांचा भाग ढासळला. बातमीतला फोटो मी अण्णांना पाठवला. त्यांचं उत्तर एका शब्दाचं आलं. "मगे!"

त्या मोसमात मेन लॉजपाशी ७१५ इंच बर्फ पडला, म्हणजे अठरा मीटरच्या वर, आणि शिखरावर ८८५ इंच. आधीचा विक्रम २०१०-११ चा ६६८.५ इंचांचा होता. एप्रिलच्या सुरुवातीला राज्याच्या मोजणीत कॅलिफोर्नियातला बर्फसाठा सरासरीच्या २३७ टक्के भरला. डोंगर ६ ऑगस्टपर्यंत उघडा राहिला. ऑगस्ट!

म्हणून जुलैत आम्ही पुन्हा गेलो. खाली खोऱ्यातल्या बिशप गावात भट्टीसारखं ऊन, वर लोक अर्ध्या चड्डीत स्की करतायत, कालवा दुरुस्त होऊन तुडुंब. मुलीला ते घर बघायचं होतं. घराभोवती गवत, अंगणात कुणाच्या तरी सायकली, ऑक्टोबरमध्ये रोवतात त्या काठ्या कुठेच नाहीत. उत्तरेच्या कोपऱ्यात, झाडांच्या सावलीत, टेकडी मात्र होती. आता गुडघ्याच्या थोडी वर. काळी पडलेली, वर खडी, सुया, पाइनची बोंडं, एक चिरडलेला कॅन. तिच्या पायथ्यापासून पाण्याची बोटभर रेघ निघून चरात गेली होती.

आणि ढिगातून वीतभर निळा दांडा बाहेर आला होता.

मी धरून ओढला. हलला नाही. मुलीनं कमरेला धरून मला ओढलं, मी दांडा ओढला. नाही. पातं अजून आत, बर्फात पक्कं.

समोरचे आजोबा पडवीत बसले होते, तीच गॅलिसवाली विजार, आत बनियन. त्यांनी हात वर केला. मी दांड्याकडे बोट दाखवलं आणि खांदे उडवले.

"ऑगस्ट," ते ओरडले.